गेटवरचा फोटो

शाळेच्या गेटवर माझ्या लेकीचा हसरा फोटो लावलाय, चांगला दाराएवढा. शाळेच्या बातम्या, फोटो, जाहिराती सगळं माझ्याकडेच, त्यामुळे फोटो मीच काढलेला आणि खालची ओळही माझीच: 'इथे मुलं धावत येतात.' ती मात्र रोज सकाळी बूट घालताना रडते. शेवटी तिला दुसऱ्या शाळेत घालायचं ठरवून मुख्याध्यापिकांकडे गेले.

"अहो, गेटवर तुमचीच मुलगी. तीच शाळा सोडून गेली, तर तुमच्या बातम्यांवर कोण विश्वास ठेवील? मग तुमचं तरी इथे काय काम?"

आपलेच दात, आपलेच ओठ. घरी येऊन लेकीलाच समजावत बसले. "त्या फोटोत बघ, वर्गात किती छान हसतेयस."

"त्या दिवशी रविवार होता, आई. वर्गात फक्त तू होतीस."