तळ्यात न उतरायची शपथ

“आबा, तिकडं तळ्यात उतरला होता का?” डॉक्टर निकितांनी पुन्हा विचारलं.

“न्हाय,” दत्तोबा म्हणाले. बायकोकडं बघायचं मात्र त्यांनी टाळलं.

लघवीतून रक्त जातंय हे कळल्यावर लीलाबाईंनी नवऱ्याला सणसरहून बारामतीला धरूनच आणलं होतं. दिवाळीत दोघं आफ्रिकेत, मालावीला जाऊन आली होती. मुलगा रणजित तिथं साखर कारखान्यात इंजिनिअर. घरासमोरच समुद्राएवढं गोड्या पाण्याचं तळं. दत्तोबांची बायपास झालेली, आणि कालव्यात पोहून वाढलेला हा गडी पाणी दिसलं की लहान पोर व्हायचा. म्हणून लीलाबाईंनी विमानतळावर उतरल्या उतरल्या त्यांचा हात नातीच्या, श्रेयाच्या डोक्यावर ठेवला आणि शपथ घातली, तळ्यात पाऊल टाकायचं नाही.

नुसती शपथ घालून त्या थांबल्या नाहीत. डोळ्यांत तेल घालून राखण केली. सकाळी नवऱ्याला सुनेबरोबर बाजारात पिटाळायचं, संध्याकाळी शेजारी बसवून ठेवायचं. खाज सुटली तेव्हा डासांच्या नावानं बोटं मोडत दोघांच्या अंगाला खोबरेल चोळलं तेही त्यांनीच.

“मग दुर्बीण घालून बघावं लागेल,” डॉक्टर म्हणाल्या. “या वयात रक्त गेलं की आधी कॅन्सरची शंका येते.”

दत्तोबांचा चेहरा उतरला. पण शपथ मोडल्याचं तोंडानं कबूल केलं तर नातीला बाधेल, ही धास्ती त्याहून मोठी होती.

लीलाबाईंचे डोळे भरून आले. “अवो, खरं बोला की! शपथ सुटली म्हणते मी. श्रेयाला काय बी होत न्हाय. तुमीच न्हाय राहिलात तर मी तोंड कुणावर टाकू?”

दत्तोबांनी एकदाचं सांगून टाकलं. “तू दुपारची झोपलीस की जायचो. रोज.”

डॉक्टरांना हसू आलं. त्या तळ्यात बारीक जंत असतात, ते कातडीतून आत शिरतात, आधी अंगाला खाज सुटते, असं त्यांनी समजावलं. लघवीत जंतांची अंडी सापडली की गोळ्यांनी बरं होतं. “गोळ्या वजनावर द्यायच्या असतात. काट्यावर उभे राहा बघू.”

दत्तोबा उभे राहिले, उतरले आणि खाली मान घालून बायकोच्या शिव्यांची वाट बघू लागले.

लीलाबाईंनी शिव्या दिल्या नाहीत. हातातली पिशवी नवऱ्याकडं दिली, चपला काढल्या आणि त्या काट्यावर चढल्या.

“माझंबी वजन लिवा, बाई.”