गोल की चौकोनी

बूटवाला शाळेच्या व्हरांड्यात चक्क एका गुडघ्यावर बसला होता आणि मॅडमच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

बूटवाला हे नाव मॅडमनीच ठेवलेलं. अर्थात मनातल्या मनात! मॅडम ज्या बूट-कंपनीच्या सीएसआर, म्हणजे समाजकार्य विभागात होत्या, त्या विभागाचा हा नवा मॅनेजर. गेल्या महिन्यापर्यंत हा गृहस्थ त्याच कंपनीच्या दुकानांतून बूट विकत होता. समाजकार्याची पदवी मॅडमकडे, वस्त्या तुडवून झिजलेल्या चपला मॅडमच्या आणि खुर्ची मात्र याला. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय?

आज मुलांना चष्मे द्यायचे होते. गेल्या वर्षी मॅडमनी दिले तेव्हा कसं सगळं शिस्तीत झालं होतं. रांग, नाव, नंबर, चष्मा, चला पुढे. सगळे एकजात तपकिरी. फक्त पुढे ते दप्तरांतून बाहेरच आले नाहीत. "मुलांना फुकटाची किंमत नसते," मॅडमनी वरच्यांना सांगून टाकलं होतं. यंदाही तसंच व्हावं, अशी त्यांची आतून फार फार इच्छा होती. मग कळलं असतं सगळ्यांना, खुर्ची खरी कोणाची ते.

पण बूटवाल्याने रांगच मोडली. प्रत्येकाच्या नंबराचे दोन-दोन चष्मे करवून आणलेले, शिवाय दुकानातला आरसा. एकेका पोरासमोर सवयीने गुडघा टेकायचा आणि विचारायचं, "बोला साहेब, गोल की चौकोनी?"

पोरं नुसती उधळली होती. एक जण तर आरशासमोरून हलेचना.

"अरे, थोडं घरच्या आरशासाठी ठेव की!" बूटवाला म्हणाला. व्हरांडाभर हशा.

मॅडमना राहवेना. "सर, फुकटच्या वस्तूला कसली आवडनिवड?"

"मॅडम, गिऱ्हाईक नाकावर मिरवणार. आवडायला नको?"

गिऱ्हाईक! मॅडमच्या ओठांवर भलंमोठं भाषण आलं होतं, पण तेवढ्यात त्याने आरसाच त्यांच्या हातात कोंबला. "जरा धरता? तिकडे दोघं एकाच चष्म्यावरून भांडतायत."

समोर दोन वेण्यांची मुलगी. मॅडमनी तिला लगेच ओळखलं. गेल्या वर्षी 'चष्मिस म्हणतील' म्हणून भोकाड पसरणारी हीच. आता दोन्ही हातांत दोन चष्मे घेऊन नाचत होती.

मॅडमनी ताठ उभ्यानेच आरसा पुढे केला.

"मॅडम, खाली या ना," मुलगी टाचा उंचावत म्हणाली. "मला नुसता माझा भांग दिसतोय."

व्हरांड्याच्या टोकाला बूटवाला दोन्ही भांडखोरांना कवेत घेऊन हसत होता. त्याच्याकडे बघत बघतच मॅडम खाली बसल्या. गुडघे कुरकुरले. साडीला धूळ लागली.

मुलीने गोल चष्मा चढवला. पण आरशात बघायचं सोडून ती समोर, मॅडमच्या चेहऱ्याकडेच टक लावून बघत राहिली. इतक्या जवळून, इतकं स्वच्छ तिने कोणाला कधी पाहिलं नव्हतं.

"मॅडम," तिने हळूच विचारलं, "तुम्ही सरांकडे असं का बघताय?"

मॅडमनी झटकन आरसा वर उचलला, अगदी स्वतःच्या तोंडापुढे धरला.

"ते राहू दे," आरशाच्या मागून आवाज आला. "तू आधी सांग. गोल की चौकोनी?"