आपोआप आलेलं नाव

दोन डॅश, मग शीर्षक. थंड झालेला चहा. दोन डॅश, मग मुखपृष्ठ. गेलेल्या बाबांचा स्वेटर, आईच्या अंगात. दोन डॅश, मग लेखक. ई-बुक बनवायला कॉम्प्युटरला टाइप करून द्यायच्या या आज्ञा मी आठवडाभर धडपडून शिकले होते. लेखकापुढे आईचं नाव टाइप केलं. कादंबरी तिनेच लिहिली होती. छापताना बाबांनी स्वतःचं नाव घातलं होतं. “हे काय? खोड ते,” आई म्हणाली. “पुस्तक तुझंच आहे ना?” “नवरा गेल्यावर बाईला शिंगं फुटली म्हणतील.” “म्हणू देत.” “त्यांची शोभा करायला शिकलीस का हे सगळं?” मी तिचं नाव खोडलं. वेगळं सांगितलं नाही, तर प्रोग्राम जुनंच धरून चालतो. त्याने छापील पुस्तकाच्या जुन्या फाइलमधलं बाबांचं नाव उचललं. आईने स्वेटरच्या बाहीने स्क्रीन पुसून ते नीट वाचलं. बाबांनी ती कादंबरी कधीच वाचली नव्हती.