पडद्यावरचं जंगल

आरमोरीच्या नाट्यमंडळाचे देवाजीभाऊ बल्लारपूरला उमेरा पेंटरच्या दारी आले, ते कोरं कापड आणि रंगाचे डबे घेऊनच. त्यांना नाटकासाठी जंगलाचा पडदा रंगवून हवा होता.

"पैशाचं मात्र बोलू नको, बेटी. आमी बोलावलेली नाटक कंपनी सारे पैसे हाती पडल्याबिगर तोंडाले रंग लावत नाई. सारं तिकडंच गेलं. पण पडद्यावर तुयं नाव टाक. हजारो लोकं पाह्यतील. त्या नावालेच मजुरी समज."

"चालंन," उमेरा म्हणाली.

नाटकाच्या दिवशी दुपारी तिनं मंडपात पडदा टांगला आणि सोडला. या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरुषभर उंचीची अक्षरं होती : उमेरा पेंटर, बल्लारपूर. त्याखाली तेवढाच मोठा मोबाइल नंबर. आणि उजव्या कोपऱ्यात, तळहाताएवढं जंगल.

"अवं, हे काय करून ठेवलं?" देवाजीभाऊ ओरडले.

"कंपनीसारखंच केलं, भाऊ. रंग लावाच्या आधी पुरी मजुरी घेतली. मंग उरलेल्या जागेत तुमचं जंगल बसवलं."