बटणावरचं बूच

भाच्यानं खिशातून पितळेचं एक बूच काढून लेथवर ठेवलं. "मामा, अश्शीच डझनभर हवीत. आजच."

मामांनी हातातला जॉब पुरा केला आणि मगच चष्मा कपाळावरून नाकावर आणला. भाचा पत्रा ठोकणाऱ्या प्रेसच्या कारखान्यात सुपरवायझर झाल्यापासून त्याला सगळं आजच लागायचं. बूच अंगठ्याएवढं होतं, एका टोकाला धरायला कड. मामांना असलं काम म्हणजे हातचा मळ.

वर्कशॉपात सुटी कामं घेऊन कोणी ना कोणी यायचंच. वस्तू कशाला हवी, ते मामा विचारत नसत. उगाच कुणाच्या भानगडीत कशाला पडा? पण कशात बसणार आणि किती घट्ट, एवढं मात्र विचारावंच लागे, कारण त्याशिवाय माप ठरत नाही.

"बसतं कशात?"

"एका रिंगेत."

"ठोकून बसवायचं की सैल ठेवू?"

"मधलं ठेवा. हादऱ्यानं पडता कामा नये, पण बोटांनी ओढलं की झटकन निघालं पाहिजे. तपासणीवाले गेटवर आले, की बाईला ते काढून लपवता यायला हवं."

बोलून गेला आणि मग भाच्यानं जीभ चावली.

मामांनी माप घ्यायला उचललेला व्हर्निअर खाली ठेवला. त्यांची बायको त्याच कारखान्यात प्रेसवर होती, त्यामुळे तो प्रेस त्यांना न बघताही पाठ होता. दोन बाजूंना दोन बटणं, प्रत्येकाभोवती लोखंडी रिंग. दोन्ही हातांनी दोन्ही एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो. हात बटणांवर आहेत, म्हणजे ठोकळ्याखाली नाहीत, एवढा साधा हिशेब. एका रिंगेत बूच खुपसलं की ते बटण दाबलेलंच राहतं आणि एक हात मोकळा होतो. मोकळ्या हातानं पत्रा पटापट सरकवता येतो. पण पत्रा कुठला आणि हात कुठला, हे ठोकळ्याला कळत नाही.

"हे बटणात घालायचं आहे," मामा म्हणाले.

"अहो, सगळीकडे घालतात. बायकाच मागतात. काम उरकतं."

"आणि तू त्यांना पुरवतोस? कुणाच्या हुकमानं?"

"हुकूम कसला! वरून फक्त आकडा येतो. रोज इतके नग झालेच पाहिजेत. कसे करायचे ते आमचं आम्ही बघायचं."

वरच्यांचं बरं असतं. आकडा पाठवायचा आणि गार खोलीत बसायचं. ठोकळ्याखाली त्यांचं काहीच नसतं.

मामांचा चेहरा बघून भाचा जवळ सरकला. "मामींची काळजी करू नका. त्यांच्या प्रेसला मी हे लावू देत नाही. तसं स्पष्ट सांगितलंय त्यांना. घरचं माणूस आहे, मला काय कळत नाही?"

मामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतका वेळ पोरगं अर्धवट आहे असं म्हणून सोडून देता येत होतं. पण त्याला सगळं कळत होतं. बोटं जातात हे कळत होतं. फक्त कुणाची जाऊ द्यायची, ते त्यानं ठरवून टाकलं होतं.

"आणि बाकीच्या बायकांचे हात काय रस्त्यावर सापडलेत? त्या कुणाच्याच मामी नाहीत का रे, नालायका?"

"ओरडू नका. तुम्ही नाही केलंत तर शेजारचा करेल."

"करू दे त्याला! माझ्या लेथवर हे पाप होणार नाही."

मामांनी बूच चकच्या जबड्यात आवळलं आणि लेथ सुरू केला. टूल पुढे सरकलं. पितळ ते, किती टिकणार? कड गेली, अंग गेलं, पिवळा कीस ट्रेमध्ये सांडत राहिला. शेवटी काडीएवढा तुकडा उरला, तो मामांनी मोडून भाच्याच्या पुढ्यात टाकला. "हे घे तुझं सॅम्पल."

"मामा! ते परत ठेवायचं होतं. बायकांच्या खोलीबाहेर खिडकीत कुणीतरी लपवलेलं, तिथून उचलून आणलं होतं मी."

तेवढ्यात मामी आत आल्या. शिफ्ट सुटल्यावर घराची किल्ली न्यायला त्या वर्कशॉपात डोकावत. भाच्याला बघून त्या दारातच थबकल्या. "तू आहेस होय इथे? बरं झालं. तुझ्या कारखान्यात चोर शिरलेत बघ. खिडकीत ठेवलेलं माझं बूच कुणी ढापलं."

भाच्याचा चेहरा उतरला. "तुमचं? मामी, मी तुम्हाला बजावलं होतं..."

"बजावलंस ना. आणि माझे नग कमी पडले म्हणून माझंच नाव सगळ्यांसमोर फळ्यावर लिहिलंस. दोन्ही हात बटणांवर ठेवून तुझा आकडा कोण गाठतं, ते दाखव मला. एक बाई दाखव."

मामांनी मामींच्या बोटांकडे पाहिलं. इतके दिवस ही रोज घरी आली, दोन्ही हातांनी ताट वाढलं, आणि त्यांना पत्ताही नव्हता.

मामींची नजर ट्रेमधल्या पिवळ्या किसाकडे गेली, मग नवऱ्याच्या हाताकडे. त्यांना उलगडायला वेळ लागला नाही.

"कातून टाकलंत?"

मामांनी मान हलवली.

मामी स्टुलावर बसल्या. आधी एकाकडे, मग दुसऱ्याकडे बघत त्या म्हणाल्या, "ठीक आहे. मग उद्या सकाळी मी काय लावू, ते तुम्ही दोघं मिळून सांगा."