आणखी एक प्रत

रोल धुवायला टाकला की तिसऱ्या दिवशी फोटो मिळायचे, आणि प्रत्येक फोटोच्या पाठीवर स्टुडिओवाल्या काकांचा पेन्सिलीने शेरा असायचाच. ‘डोकं छाटलंस.’ ‘पाहुण्याच्या टाळूतून खांब उगवलाय.’ छत्तीस फोटो, छत्तीस शेरे. मी धुसफुसायचो, पण पुढच्या रोलमध्ये खांब मुकाट्याने टाळायचो.

एकदा आईचा फोटो निघाला. ओट्याशी उभी राहून ती खदखदून हसत होती. फोटो मात्र हललेला, तिरका, वर कोपऱ्यात माझं बोट. आज काकांची पेन्सिलच मोडली असणार म्हणून मी धास्तावून उलटून पाहिलं, तर एवढंच लिहिलं होतं: ‘याची आणखी एक प्रत काढून ठेव.’

“काका, आणि यातल्या चुका?”

“त्या तुला दिसतायत ना? मग झालं.”

मला वाटलं, म्हातारा धंदा बघतोय. मी प्रत काढली नाही. निगेटिव्ह पुढे घर बदलताना कुठे गेल्या कोण जाणे.

आता हौशी फोटोग्राफरांच्या क्लबात शेरे मारायचं काम माझ्याकडे आलंय. काल एका मुलीने तिच्या वडिलांचा फोटो पुढे केला. हललेला, तिरका, पण वडील असे हसतायत की बघत राहावं. मी पाठीवर काकांचंच वाक्य लिहिलं.

“एक आहे की, सर. पुरे झाली.”

“आमच्याकडेही एकच होती. आई गेल्यावर बाबांनी ती खिशात वागवली. घडी नेमकी हसण्यावरून गेली.”