माणूस काढताना

देर्ना शहरातल्या पुरात मबरूकाची बहीण वाहून गेली, आणि तिची सहा वर्षांची लेक रतीबा मावशीकडे राहायला आली. रडणं दोघींचंही आटलं होतं. पोर बोलतही नसे फारसं, म्हणून दुपारी चहा उकळत ठेवला की मबरूका तिला कागदावर माणूस काढायला शिकवायची. आधी डोकं, मग मान, मग खांदे. सगळं बरं जमायचं, हात तेवढे दर वेळी पायांपेक्षा लांब व्हायचे.

आजही तेच झालं.

"उभी राहून बघ बरं. आपले हात मांडीपर्यंतच येतात ना?"

रतीबाने उभं राहून पाहिलं. "येतात."

"मग ही कोण बाई, एवढ्या लांब हातांची?"

"आई."

मबरूकाने खोडरबर उचललं. "तुझ्या आईचे हात माझ्याएवढेच होते, राणी. आण, लहान करू."

रतीबाने चित्रावर तळवा ठेवला. आवाज नेहमीसारखाच, सपाट.

"नको, मावशी. आईने पाण्यातून मला गच्चीवर ठेवलं ना, तेव्हा एवढे लांब झाले होते."